लोह आणि सायनाइड : मिठाची पुडी व ज्वारीचा पोंगा

गावच्या दुकानातून आणलेल्या मिठाच्या पुडीवरील बारीक अक्षरांतला मजकूर वाचला, तर काही पुड्यांवर '५३६' असा आकडा आढळतो. हा आकडा 'पोटॅशियम फेरोसायनाइड' नावाच्या रासायनिक द्रव्याचा आहे. या नावात 'सायनाइड' हा शब्द असल्यामुळे ज्याला तो कळतो त्याच्या मनात साहजिकच धडकी भरते. २०१९ च्या सुमारास मिठात विष असल्याची आवई देशभर उठली होती, आणि आजही ती अधूनमधून गावोगाव फिरत असते. ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याला या नावाचा अर्थ विचारला जातो, आणि पुष्कळदा त्याच्याजवळ समाधानकारक उत्तर नसते.

याच्या उलट, धाराशिव जिल्ह्यात शाळूची काढणी झाल्यावर एखादा अवकाळी पाऊस पडला, म्हणजे धसकटांना हिरवेगार फुटवे येतात. ओल्या वैरणीला आसुसलेली जनावरे त्या रानात मोकळी सोडली जातात. त्या हिरव्या पोंग्यात विष असू शकेल अशी शंका फारच थोड्यांना येते. मिठाच्या पुडीतील सायनाइडाचे नाव भीतिदायक आहे; पण त्यापासून धोका नाही. पोंग्यातील सायनाइड नावानिशी कोणाला ठाऊक नाही. पण त्यामुळे दावणीचा बैल तासाभरात दगावू शकतो. हा फरक कशामुळे पडतो, हे समजून घेण्यासाठी लोह आणि सायनाइड यांचा परस्परसंबंध जाणून घेणे आवश्यक आहे.

नावाचा अर्थ

सायनाइड म्हणजे कार्बनाचा एक अणू व नायट्रोजनाचा एक अणू यांची घट्ट जोडी होय. हे दोन्ही मूळपदार्थ शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे आहेत. कोळशात कार्बन असतो, आणि युरियात नायट्रोजन असतो. ते दोन्ही निराळे असताना निरुपद्रवी असतात. परंतु विशिष्ट रीतीने एकमेकांशी जोडले गेले म्हणजे त्यांच्या जोडीला विषारी गुण येतो. या जोडीला हायड्रोजनाची साथ मिळाली, म्हणजे हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. यालाच प्रुसिक आम्ल असेही म्हणतात. ते सुमारे २६ अंश सेल्सियस तापमानाला उकळते. म्हणजे आपल्याकडील साध्या उन्हातही त्याचा वायू होतो. प्राणिमात्राला मारक ठरते ते हे सुटे, मोकळे सायनाइड होय.

'फेरो' हा शब्द लोहवाचक आहे. लॅटिन भाषेत लोखंडाला 'फेरम' असे म्हणतात, त्यावरून तो आला. फेरोसायनाइडात मध्यभागी लोहाचा एक अणू असतो व त्याच्याभोवती सायनाइडाच्या सहा जोड्या जखडलेल्या असतात. गाडीच्या चाकाचे आरे जसे तुंब्यात घट्ट बसवलेले असतात, तशीच ही रचना समजावी. लोहाची ही पकड इतकी मजबूत असते की, नेहमीच्या परिस्थितीत सायनाइडाची जोडी तिच्यातून सुटत नाही. आणि जे सुटत नाही ते विषासारखे वागतही नाही. 'फेरिसायनाइड' हे याचेच भावंड होय. दोहोंमध्ये फरक आहे तो लोहाच्या अवस्थेचा. एकात लोह द्विसंयुजी असते, तर दुसऱ्यात त्रिसंयुजी. पोटॅशियम फेरोसायनाइडाचे खडे पिवळे असतात आणि पोटॅशियम फेरिसायनाइडाचे तांबडे असतात.

याचा अर्थ एवढाच की, 'सायनाइड' हा शब्द दिसल्याबरोबर घाबरून जाण्याचे कारण नाही. ते मोकळे आहे की लोहाने बांधलेले आहे, हा खरा प्रश्न आहे.

निळ्या रंगातून आलेले नाव

सायनाइड या नावाचा मूळ अर्थ विष असा नाही. ग्रीक भाषेत गडद निळ्या रंगाला 'कायनॉस' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. त्यामागील हकीकत मनोरंजक आहे. १७०६ च्या सुमारास जर्मनीतील बर्लिन येथे डीसबाख नावाचा एक रंगकार तांबडा रंग तयार करण्याच्या खटपटीत होता. त्याने वापरलेल्या क्षारात प्राणिज तेलाचा अंश मिसळलेला होता. त्यामुळे तांबड्याऐवजी त्याच्या हाती एक सुंदर गडद निळा रंग लागला. पुढे हा रंग 'प्रशियन निळा' म्हणून जगभर प्रसिद्धीस आला. त्याची कृती अनेक वर्षे गुप्त होती. १७२४ मध्ये ती इंग्लंडात प्रकाशित झाली, तेव्हा असे उघड झाले की, बैलाचे वाळवलेले रक्त क्षारासह भाजून त्यात लोहाचा क्षार मिसळला जात असे. रक्तातील कार्बन व नायट्रोजन आणि लोह यांच्या संयोगातून लोहसायनाइडाचा हा निळा रंग बनत होता.

१७५२ मध्ये फ्रान्समधील मॅकेर या रसायनशास्त्रज्ञाने या निळ्या रंगापासून पिवळे फेरोसायनाइड मिळवले. १७८२ मध्ये स्वीडनमधील शेले याने त्याच रंगावर आम्लाची क्रिया करून एक बाष्पनशील आम्ल वेगळे काढले. प्रशियन निळ्यातून निघाले म्हणून त्याला प्रुसिक आम्ल हे नाव मिळाले. १८१५ मध्ये गे-ल्यूसॅक याने त्याची घटना सिद्ध केली आणि कार्बन-नायट्रोजनाच्या जोडीला निळ्या रंगावरून नाव दिले. निरुपद्रवी रंग आणि जहाल विष एकाच द्रव्यातून निघतात, ही गोष्ट शास्त्रज्ञांना या क्रमाने कळून आली.

पुढे या रंगाचा उपयोग वाढत गेला. १८४२ मध्ये जॉन हर्शेल याने फेरिसायनाइड वापरून निळ्या कागदावर पांढऱ्या रेषांच्या प्रती काढण्याची पद्धत शोधली. धरणे, पूल व इमारती यांचे निळे नकाशे कित्येक वर्षे याच पद्धतीने निघत असत. आजच्या काळात तर शुद्ध प्रशियन निळा हा औषध म्हणून पोटात देण्यात येतो. थॅलियम किंवा किरणोत्सारी सीझियम शरीरात गेल्यास तो आतड्यात त्यांना धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर घालवतो. ज्याच्या नावात सायनाइड आहे असे द्रव्य रोग्याला देता येते, यावरून लोहाच्या पकडीची कल्पना यावी.

मिठात ते कशासाठी?

मीठ हवेतील ओलावा शोषून घेते व त्याचे गठ्ठे बनतात. पावसाळ्यात प्रत्येक घरी याचा अनुभव येतो. फेरोसायनाइडाचा अत्यल्प अंश मिसळला असता मिठाचे कण एकमेकांना चिकटत नाहीत व मीठ मोकळे राहते. भारतीय नियमांनुसार एका किलो मिठात हे द्रव्य १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये.

याचा हिशोब प्रत्येकाने करून पाहण्यासारखा आहे. एखाद्या माणसाने दिवसाकाठी १० ग्रॅम मीठ खाल्ले, तरी त्याच्या पोटात जास्तीत जास्त ०.१ मिलिग्रॅम फेरोसायनाइड जाईल. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने १९७४ मध्ये ठरवलेली सुरक्षित मर्यादा दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनास ०.०२५ मिलिग्रॅम इतकी आहे. ५० किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत ती १.२५ मिलिग्रॅम होते. म्हणजे मिठातून जाणारा अंश या मर्यादेच्या बाराव्या हिश्श्याहूनही कमी आहे. शिवाय ही मर्यादा बांधलेल्या सायनाइडाची आहे. स्वयंपाकाच्या आचेने त्याची बंधने सुटत नाहीत आणि पोटात गेलेले द्रव्यही बहुतांशी जसेच्या तसे बाहेर पडते. जास्त मीठ खाल्ल्याने रक्तदाब वाढतो, ही काळजी खरी आहे व ती अवश्य करावी. परंतु '५३६' या आकड्याला भिऊन मीठ टाकून देण्याचे प्रयोजन नाही.

येथे एक सूचना देणे इष्ट होईल. प्रयोगशाळेतील फेरोसायनाइड तीव्र आम्लात घालून तापवल्यास त्यातून विषारी वायू निघतो. त्यामुळे शाळेच्या प्रयोगशाळेत हे द्रव्य असल्यास ते शिक्षकांच्या देखरेखीखालीच हाताळले जावे.

ज्वारीच्या रोपातील मोकळे सायनाइड

आता ज्या सायनाइडाला खरोखर भ्यावे, त्याकडे वळू. ज्वारीच्या कोवळ्या रोपात 'धुरिन' नावाचे द्रव्य असते. १९०२ मध्ये डन्स्टन व हेन्री या दोन शास्त्रज्ञांनी इजिप्तमधील ज्वारीपासून ते वेगळे काढले. अरबी भाषेत ज्वारीला 'धुरा' म्हणतात, त्यावरून त्याला हे नाव दिले गेले. धुरिनात सायनाइडाची जोडी साखरेशी बांधलेली असते. लोहाच्या बंधनाशी तुलना करता हे बंधन अगदीच कच्चे असते.

रोप उभे असते तोवर धुरिन व ते फोडणारे किण्वक हे पानाच्या निरनिराळ्या भागांत अलग राहतात. दूध एका भांड्यात आणि विरजण दुसऱ्या भांड्यात असावे, तशी ही व्यवस्था असते. जनावराने पान चावले, म्हणजे मधले पडदे फाटून दोन्ही एकत्र येतात आणि काही मिनिटांत हायड्रोसायनिक आम्ल मोकळे होऊ लागते. किडीपासून व चरणाऱ्या प्राण्यांपासून बचाव करण्यासाठी निसर्गाने रोपाला दिलेले हे संरक्षण आहे. रोप जितके कोवळे असेल, तितकी त्याला या संरक्षणाची गरज अधिक असते. त्यामुळे धुरिनाचे प्रमाणही कोवळ्या अवस्थेतच सर्वाधिक असते. पीक वाढत जाते तसतसे ते घटते. परिपक्व दाण्यात ते राहत नसल्यामुळे भाकरीपासून कसलाही धोका नसतो.

वैरणीतील हे विष ओळखण्याची प्रयोगशाळेतील एक जुनी कसोटीही त्या निळ्या रंगाचीच आहे. नमुन्यातून निघालेला वायू अल्कलीत धरून त्यात हिराकस म्हणजेच फेरस सल्फेट मिसळले आणि नंतर आम्ल घातले असता, सायनाइड असल्यास प्रशियन निळा उमटतो. लोहाला जे भेटले ते सायनाइड, याचा पुरावा रंगच देतो.

जनावराच्या शरीरात काय घडते?

श्वासावाटे आत गेलेला प्राणवायू रक्तातून शरीराच्या प्रत्येक पेशीपर्यंत पोहोचतो. पेशीमध्ये त्याचा उपयोग करून घेणारे एक किण्वक असते व त्यात लोह असते. सायनाइडाला लोहाची मोठी ओढ आहे. ते या किण्वकातील लोहाला जाऊन मिठी मारते व त्याचे काम बंद पाडते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. घागर भरलेली असावी आणि घोटभर पाणीही घशाखाली उतरू नये, अशी जनावराची अवस्था होते. न वापरलेला प्राणवायू रक्तात तसाच राहतो. म्हणून अशा जनावराचे रक्त व हिरड्या लालभडक दिसतात.

रवंथ करणाऱ्या जनावरांना ही बाधा विशेष लवकर होते. त्यांच्या पहिल्या पोटात पाणी, ऊब व असंख्य सूक्ष्मजंतू असतात. हे जंतू धुरिन फोडण्यास हातभार लावतात. त्यामुळे गाई, बैल, म्हशी यांच्याप्रमाणेच शेळ्या-मेंढ्यांनाही धोका असतो. ज्या जिल्ह्याच्या नावाने उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, तेथे ही गोष्ट विसरून चालणार नाही.

किती वैरण घातक ठरेल याचा अंदाज घेता येतो. जनावराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे २ मिलिग्रॅम हायड्रोसायनिक आम्ल झपाट्याने पोटात गेल्यास ते मारक ठरू शकते. ३०० किलो वजनाच्या बैलास ६०० मिलिग्रॅम पुरेसे होते. एका किलो ओल्या वैरणीत २०० मिलिग्रॅम विष असेल, तर ही मात्रा ३ किलोंत भरते. कोवळ्या पोंग्यात याच्या तिप्पट विष असल्यास एकच किलो पुरते. भुकेले जनावर एवढी वैरण काही मिनिटांत फस्त करते.

जिल्ह्यातील धोक्याचे दिवस

बालाघाटाच्या डोंगररांगांचा हा प्रदेश अवर्षणप्रवण आहे. पाऊस उशिरा येतो, मध्येच ओढ देतो आणि कधी अवेळी कोसळतो. ज्वारीतील धुरिन वाढण्यास हीच परिस्थिती अनुकूल असते. पाण्याअभावी पीक खुरटले की त्यातील विषाचे प्रमाण वाढते. आणि त्यानंतर पाऊस पडून नवी फूट आली की ती फूट अधिकच घातक असते. नत्रखताची मात्रा अवाजवी दिल्यासही हे प्रमाण वाढते. वर्षातील पुढील प्रसंग विशेष सावधगिरीचे समजावेत.

जून-जुलै महिन्यांत खरीप ज्वारीची रोपे कोवळी असतात. कोळपणी करताना बैल मधूनमधून रोपांना तोंड घालतात. कोळप्याला जुंपलेल्या बैलांना मुसके बांधण्याची जुनी रीत केवळ पीक वाचवण्यासाठी नाही, तर बैल वाचवण्यासाठीही उपयुक्त आहे.

ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडून पीक करपू लागले, म्हणजे 'निदान जनावरे तरी जगू देत' अशा विचाराने उभ्या पिकात गुरे सोडली जातात. हा मोह टाळलाच पाहिजे.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाळूची पेरणी झाल्यावर काही दिवसांनी विरळणी केली जाते. उपटलेल्या रोपांची जुडी घरी आणून दावणीला टाकली जाते. ही रोपे सर्वांत कोवळी, म्हणूनच सर्वांत घातक असतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीनंतर अवकाळी पाऊस पडल्यास धसकटांना फुटवे येतात व खळ्याभोवती सांडलेले दाणेही उगवतात. या वेळी गुरे मोकळी सुटलेली असतात आणि गुराखी बहुधा लहान मूल असते. त्या मुलाला या पोंग्यांविषयी सांगून ठेवणे हे घरच्या वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.

उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर वैरणीसाठी ज्वारी केली जाते. विहिरीचे पाणी आटले की पीक वेळेआधीच कापून घातले जाते किंवा विकले जाते. विकत घेतलेली ओली ज्वारी किती दिवसांची आहे, याची चौकशी केल्यावाचून ती जनावरापुढे टाकू नये.

परांडा, भूम व वाशीपासून तुळजापूर, उमरगा व लोहाऱ्यापर्यंत सर्व तालुक्यांतील ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांस हे लागू आहे. मालदांडी असो वा सुधारित वाण असो, कोवळेपणी कोणत्याही ज्वारीस निर्धोक समजू नये.

घ्यावयाची काळजी

१. ज्वारी दोन फुटांपेक्षा (सुमारे ६० सेंटिमीटर) कमी उंचीची असताना ती जनावरांना चारू नये. ओली वैरण म्हणून घालावयाची असल्यास पीक फुलोऱ्यात आल्यानंतरच कापावे.

२. पावसाच्या खंडानंतर नवी फूट आलेली असल्यास जुन्या धाटाची उंची पाहून फसू नये. नव्या कोंबांकडे पाहून निर्णय घ्यावा.

३. उपाशी जनावरे ज्वारीच्या रानात सोडू नयेत. आधी कडबा किंवा वाळलेले गवत पोटभर घालावे.

४. कोवळी ज्वारी कापावी लागलीच, तर ती उन्हात पसरून पूर्ण वाळवावी. वाळताना विषाचा वायू उडून जातो. नुसती कोमेजलेली वैरण मात्र सुरक्षित समजू नये. कारण त्या अवस्थेत विष मोकळे होत असते, पण उडून गेलेले नसते. पक्व पिकाचा वाळलेला कडबा निर्धोक असतो.

५. मुरघास केल्यास विषाचे प्रमाण घटते. खड्डा बंद केल्यापासून निदान दीड महिना तो उघडू नये.

६. विरळणीची रोपे दावणीला न टाकता शेतातच वाळू द्यावीत, आणि ती वाळेपर्यंत गुरांना त्या बाजूस फिरकू देऊ नये.

७. ज्वारीला मोड आणून ते कच्चे खाण्याचा प्रयोग माणसांनीही करू नये. मोडांत धुरिन तयार होते. माल्टसाठी मोड आणल्यास दाणे वाळवून त्यांचे कोंब व मुळ्या चोळून काढून टाकाव्यात.

बाधा झाल्यास

पोंगे खाल्ल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांपासून एक-दोन तासांपर्यंत लक्षणे दिसू लागतात. श्वास जोराने चालतो, तोंडातून लाळ गळते, अंग थरथरते, पाय लटपटतात व पोट फुगते. जनावर खाली पडून झटके देते. ग्रामीण भागात याला 'किराळ लागणे' असे म्हणतात. लक्षणे दिसल्यानंतर जे जनावर दोन तास तग धरते ते बहुधा वाचते. यावरून पहिल्या तासाचे मोल ध्यानात यावे.

अशा वेळी सर्वप्रथम उरलेली जनावरे त्या रानातून बाहेर काढावीत. पशुवैद्यकास तात्काळ बोलवावे. त्यासाठी १९६२ या दूरध्वनी क्रमांकाचाही उपयोग होतो. जनावराला पळवू किंवा मारझोड करू नये, त्याला मोकळ्या हवेत शांत ठेवावे. गुळाचे पाणी पाजण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. परंतु औषधाची जागा ते घेऊ शकत नाही. झटके येत असलेल्या जनावराला काहीही बळेच पाजल्यास ते श्वासनलिकेत जाऊन गुदमरण्याची भीती असते. जनावराने काय, किती वाजता व कोणत्या शेतात खाल्ले हे पशुवैद्यकास सांगावे आणि त्या पोंग्यांचा नमुना जवळ ठेवावा.

पशुवैद्यक जो उपचार करतो, त्याचे तत्त्वही लोहाच्या गुणावरच आधारलेले आहे. सोडियम नायट्राइटचे इंजेक्शन दिले असता रक्तातील काही लोह त्रिसंयुजी बनते. पेशीतील किण्वकाला धरून बसलेले सायनाइड तेथून सुटून या लोहाकडे ओढले जाते आणि पेशीचा श्वास मोकळा होतो. त्यानंतर सोडियम थायोसल्फेटमधील गंधक सायनाइडास मिळून थायोसायनेट नावाचे सौम्य द्रव्य बनते व ते लघवीवाटे निघून जाते. मिठाच्या पुडीत लोहाने सायनाइडाला जखडले आहे. येथेही विषाला लोहाचेच आमिष दाखवून पेशीपासून दूर नेले जाते.

हा उपचार स्वतःच्या अंदाजाने मात्र कदापि करू नये. खुरटलेल्या ज्वारीत नायट्रेटही साठलेले असू शकते. त्याच्या बाधेतही जनावराला धाप लागते, परंतु रक्त लालभडक न दिसता तपकिरी दिसते. अशा जनावरास नायट्राइट दिल्यास ते दगावण्याचाच संभव अधिक. कोणती बाधा आहे हे ठरवणे पशुवैद्यकाचे काम आहे.

संशयापूर्वी तपासणी

कालपर्यंत धडधाकट असलेला बैल शेतातच पडून मेला, म्हणजे घरावर संकट कोसळते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने बैलजोडीतील एक बैल जाणे म्हणजे पुढच्या पेरणीचा आधार जाणे होय. अशा दुःखाच्या भरात कोणी सर्पदंशाची शंका घेतो, कोणी दृष्ट लागली असे म्हणतो. सर्वांत वाईट म्हणजे, बांधाच्या जुन्या वादाची आठवण होऊन शेजाऱ्यानेच विष घातले असा संशय धरला जातो. एका चुकीच्या संशयाने दोन घरांत कायमचे वैर निर्माण होऊ शकते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने अशा प्रसंगी पुढे होऊन मृत जनावराची पशुवैद्यकाकडून तपासणी करून घेण्याविषयी आग्रह धरावा. जनावर चरले त्या रानात जाऊन खुडलेले पोंगे दिसतात काय, हे पाहावे. पोटातील वैरणीचा नमुना वेळेवर काढला गेला, तर विष कशाचे होते हे प्रयोगशाळेत कळू शकते. उशीर झाल्यास सायनाइड उडून जाते व पुरावा नाहीसा होतो. शेजाऱ्याला दोष देण्यापूर्वी आपल्याच धसकटांकडे एकदा पाहावे, हे सांगण्याचे धैर्य कार्यकर्त्याने दाखवले पाहिजे.

फेरोसायनाइड या शब्दाचा अर्थ विचारणाऱ्यास म्हणून एवढेच सांगावे : लोहाने बांधलेले सायनाइड म्हणजे फेरोसायनाइड, ते मिठात नियमित मात्रेत असले तरी चिंता नको. आणि हे सांगून झाल्यावर त्याच बैठकीत दुसरी गोष्ट न विसरता सांगावी. काढणीनंतर अवकाळी पाऊस झाला असेल, तर पुढील काही आठवडे शाळूच्या रानात गुरे सोडू नयेत. हा निरोप ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा, दूध संकलन केंद्रावर सांगावा आणि गुरे राखणाऱ्या मुलांच्या कानी घालावा. अधिक माहितीसाठी नजीकचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा तुळजापूर येथील कृषि विज्ञान केंद्र यांच्याकडे विचारणा करावी.